घटपर्णीचा पहारा

१९ मार्च

लेक आज कामासाठी परदेशी गेली. जाताना तिने मला मिठी मारली आणि चार पानांच्या सूचना हातात ठेवल्या. मिठी अर्ध्या मिनिटात संपली, सूचना अजून वाचते आहे.

मी पंधरा दिवसांचे कपडे घेऊन आले होते. मुक्काम सहा आठवड्यांचा आहे, हे इथे आल्यावर समजलं. फोनवर ती ‘थोडे दिवस’ म्हणाली होती. थोडे म्हणजे किती, हे या मुलीला तिच्या शाळेत कुणी शिकवलेलं दिसत नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असं मोघम बोललं की उभं करायचे.

आणि राहायचं कशासाठी, तर झाडांसाठी. लोक घर राखायला कुत्रा ठेवतात. माझ्या लेकीने झाडं राखायला आई ठेवली आहे.

झाडं म्हणजे घटपर्णी. पानाच्या टोकाला दोरीसारखा तंतू फुटतो आणि त्याला झाकणाचा घट लटकतो. आत पाणी, काठावर मध. मुंगी मधासाठी येते, काठ निसरडा असतो, ती आत पडते, वर चढता येत नाही, मग हळूहळू विरघळते. लेक हे अशा सुरात सांगत होती, जणू शेजारच्या मुलीला परीक्षेत पहिला नंबर मिळाला आहे. छत्तीस वर्षं शस्त्रक्रियागृहात काढल्यावर मला किळस कशाचीच येत नाही. पण असल्या खुनी बायका घरात पोसायच्या आणि त्यांच्यावर पाणी शिंपडायचं, हे जरा अतीच झालं.

सहा कुंड्या गॅलरीत टांगल्या आहेत. त्या उष्ण प्रदेशातल्या, त्यांना ऊन चालतं, कोरडी हवा चालत नाही. सातवी उंच डोंगरावरची. ती झोपायच्या खोलीत मोठ्या काचेच्या पेटीत झाकणाखाली बसते. पेटीत संध्याकाळी सहाला आणि पुन्हा झोपण्याआधी पाणी गोठवलेल्या बाटल्या ठेवायच्या, नाहीतर बाई मरतात. म्हणजे सहाच्या ठोक्याला मी घरात हवीच. मग मी बाहेर कधी जायचं, असं विचारलं तर लेक म्हणाली, “सकाळी जा की, आई. तिकडे कुठे तुला सकाळी फिरायला मिळतं?”

तिकडे म्हणजे माझ्या भावाकडे. तिकडे सकाळी मला कामं असतात. रिकामटेकडी नाही मी.

२१ मार्च

चौथा मजला. गॅलरी पश्चिमेला. अकरा वाजले की खिडक्या बंद करायच्या, पडदे ओढायचे, गॅलरीला हिरवी जाळी आहेच. दिवसभर शेवाळलेल्या बरणीत बसल्यासारखं वाटतं. समोरच्या इमारतीतली बाई कपडे वाळत घालते, तिचे फक्त हात दिसतात. दोन दिवस मी त्या हातांशी ओळख वाढवते आहे.

न्हाणीघरात भिंतीला धरायला नवा दांडा बसवला आहे. पासष्टी उलटली म्हणून मला पांगळी समजते की काय. मी तो वापरत नाही. काल एकदा वापरला. दारावरच्या पाटीवर लेकीच्या नावाखाली माझंही नाव घातलं आहे, सहा आठवड्यांसाठी. पलंगाशी वाचायचा दिवा आणला आहे. उधळपट्टी नुसती.

सूचनांप्रमाणे मी झोपायच्या खोलीचं दार लावून झोपायचं, पेटीभोवतीचा गारवा जाऊ नये म्हणून. भावाकडे माझी खाट मधल्या खोलीत आहे. सगळ्यांची ये-जा तिथूनच, त्यामुळे घरात काय चाललंय ते मला न उठता कळतं. एकोणीस वर्षांत मी बंद दाराच्या खोलीत झोपलेले नाही. काल फार वेळ झोप लागली नाही. कोणी येत नव्हतं, जात नव्हतं.

भावाचा फोन आला. त्याच्या गोळ्या सापडत नव्हत्या. टेबलाच्या डाव्या खणात. मग आंघोळीचं पाणी तापत नव्हतं. बटण खाली. मग म्हणाला, “ताई, तू नाहीस तर घर कसं ओस वाटतं गं.” भावजय मागून काहीतरी बोलली. तिला माझी आठवण येत नसणार. तीस वर्षं झाली लग्नाला, पण त्या बाईने कधी तोंड उघडून धड चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. चहा दिला तरी असा देते, की जणू औषध देते आहे.

२४ मार्च

आज सफाई केली. गॅलरीतल्या घटांत डोकावले तर आत मेलेल्या मुंग्या, माशा, एक झुरळाचं पिल्लू, आणि वास. ही लेकीची हौस. मी सगळे घट एकेक करून ओतून टाकले, कापसाच्या बोळ्याने आतून पुसले, जंतुनाशकाचा हलका हात फिरवला आणि कोरडे केले. एकवीस घट. पाठ मोडली. पण आता कुणीही येऊन बघावं.

पेटीतलीला हात लावला नाही. तिचं झाकण मागे झुकलेलं, गळ्याशी कडक पट्ट्यांची कॉलर, पोट पुढे. थेट आमच्या शाळेच्या मदर सुपीरियर. मी तिचं नाव मदर ठेवलं आहे. तिच्यासमोर कपडे बदलताना मी पाठ करते.

२ एप्रिल

घट वाळायला लागले आहेत. आधी झाकणं तपकिरी झाली, मग पोटं. पानांची टोकंही काळी. पाण्यात मी काही कमी करत नाही. सूचनेत ‘शुद्ध पाणी’ असं लिहिलंय, म्हणून वीस मिनिटं खळखळून उकळते, फडक्याने गाळते, गार करते, मगच घालते. माणसांना इतकं मिळत नाही.

लेकीला कळवलं. ती म्हणाली, रोपवाल्याला बोलाव, त्याचा नंबर चौथ्या पानावर आहे. मी म्हटलं, मला परक्या पुरुषांना घरी बोलवायची सवय नाही. ती म्हणाली, “आई, तो झाडं बघायला येईल.”

५ एप्रिल

रोपवाला आला. साठीचा, जाड भिंगांचा चष्मा, खिशातून सुतळी लोंबते आहे. पूर्वी कारखान्यात लेथवर होता, आता गच्चीत हीच झाडं वाढवतो. बोलतो कमी. घटांत बोट घालून बघितलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाई, हे पुसलंत?”

मी अभिमानाने हो म्हटलं.  मग त्याने सांगितलं की ते पाणी झाडाचं झाडानेच केलेलं असतं. ते त्याचं पोट. मी एकवीस पोटं धुऊन पुसून कोरडी केली होती.

मग पाण्याचं विचारलं. वीस मिनिटं उकळते म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला नाही, पण हात तिथपर्यंत आला होता. म्हणे उकळून जंतू मरतात, क्षार राहतात. उलट पाणी आटतं आणि क्षार दाट होतात, ते याच्या मुळांना सोसत नाहीत. मी त्याला ऐकवलं की माझ्या उकळलेल्या पाण्याच्या जिवावर छत्तीस वर्षं लोकांची पोटं उघडून शिवली, कुणाला साधा पू झाला नाही. तो म्हणाला, “झाला नसेल. पण ती माणसं होती.”

उद्धट आहे. पण बरोबर होतं, म्हणून चहा दिला.

उपाय असा की एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकतं ते बादलीत धरायचं. ते जवळजवळ पावसाचंच पाणी. मी सांगितलं की मी एसी लावत नाही, पंखा पुरतो. त्यावर तो म्हणाला, मग पाणी कुठून येणार?

७ एप्रिल

दोन रात्री एसी लावते आहे. माझ्यासाठी नाही, पाण्यासाठी. दहा तासांत दीड बादली जमते. पाणी जास्त मिळावं म्हणून दुपारीही लावला. खोलीत बसणं भाग होतं, कारण बादली भरून वाहिली तर खाली शेजाऱ्यांकडे ओघळ जातो. बसल्या बसल्या पुस्तक वाचलं. अख्खं.

१५ एप्रिल

सकाळी गॅलरीत तिसऱ्या कुंडीच्या पानाला तंतूच्या टोकाशी गाठ दिसली. डाळीएवढी. रोपवाल्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला, घट धरतोय, आता त्याच्याकडे रोज रोज बघू नका, झाड लाजतं. मी म्हटलं, मला चेष्टा आवडत नाही. दिवसात चारदा बघितलं.

सकाळी फिरायला जाते आहे. पुलापर्यंत आणि परत. तिथे आणखी करणार तरी काय. आज एका बाकावर बसले. उठायची घाई नव्हती, आणि त्याचाच राग आला.

संध्याकाळी लेकीचा फोन. काम लांबलं, मेअखेर. मी तिला स्पष्ट सांगितलं की मी तिची आई आहे, राखणदार नाही. माझ्या जिवाला इथे उंबरठा ओलांडायची सोय नाही, सहा वाजले की चाबूक बसल्यासारखी बर्फाच्या बाटल्या घेऊन धावते. जन्मठेपेतल्या कैद्यालासुद्धा बाटल्या बदलाव्या लागत नसतील. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “जेवतेस ना नीट?” हे उत्तर झालं का?

२२ एप्रिल

भावाचा फोन. भावजयीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया १२ मेला ठरली. ठरली म्हणजे सगळं ठरलं होतं, मी दहाच्या आत पोचायचं हेसुद्धा. विचारलं नाही, सांगितलं. “तू असलीस की दुसरं कुणी लागणारच नाही, ताई. सहा-आठ महिने तरी तिला काही करता येणार नाही.”

मी हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. माझे यजमान गेले तेव्हा महिन्याभरात हाच भाऊ गाडी घेऊन दारात उभा राहिला होता. मी काही मागितलं नव्हतं. लेक तेव्हा वसतिगृहात होती. तो म्हणाला, एकटी कशाला राहतेस, चल. आणि मी निघाले. हे विसरणारी मी नाही.

फोन ठेवल्यावर उभ्या उभ्या दोन पेले पाणी प्यायले.  उन्हाळाच तसा आहे.

मग लेकीला फोन केला आणि म्हटलं, आता तुझ्या झाडांचं तू बघ, मी दहाला निघते.  मी ठेवलेलं नाव उचलून ती म्हणाली, “मग मदर मरेल, आई.” एवढंच. आजारी माणूस एकीकडे आणि झाड एकीकडे. कुठल्या काळजाची मुलगी आहे ही.

२५ एप्रिल

रोपवाल्याला बोलावलं. गॅलरीतल्या सहाही त्याने न्याव्यात, आणि मदरलाही. सहा नेतो म्हणाला. मदरला नेता येणार नाही, त्याची गच्ची तापते, तिच्यासाठी दुसरी पेटी नाही.

चहा पिताना मी सहज म्हटलं की लेकीला हा छंद लहानपणी नव्हता, पुढे नोकरीत कधीतरी लागला असणार. कित्येक वर्षं ही झाडं वाढवते आहे, असं ती मला म्हणाली होती, तेही सांगितलं. रोपवाला म्हणाला, “कित्येक वर्षं कसली? मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडून सातही एकदम नेली. पेटी मीच जोडून दिली.”

मला बसल्या जागी संताप आला. परदेशी जायच्या पंधरा दिवस आधी कोणी सात झाडं घरात आणतं? तो पुढे म्हणाला की त्याने तिला सांगूनही पाहिलं होतं, तुम्ही जाणार असाल तर महिनाभर कुणी फिरकलं नाही तरी तगतील अशी झाडं देतो. “तर तुमची मुलगी म्हणाली, तसली नकोत. रोज माणसाचा हात लागेल अशीच द्या. दिवसातून दोनदा लागला तर उत्तम.”

मूर्खपणालाही काही मर्यादा असते. सोपं समोर असताना अवघड उचलायचं. हिच्या वडिलांचा स्वभाव, दुसरं काय. मी रोपवाल्याला तसं म्हटलंही. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, “मुलगी हुशार आहे, बाई.” झाडंवाल्यांना गिऱ्हाईक नेहमी हुशारच वाटतं.

३० एप्रिल

सकाळी अकराला वीज गेली. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं आहे. लिफ्ट बंद, एसी बंद, बर्फ वितळायला लागला.

बर्फाच्या कारखान्यातून लादीचा एक तुकडा गोणपाटात गुंडाळून आणला. चार मजले चढले. प्रत्येक मजल्यावर लादी पायरीवर ठेवायची, दोन्ही गुडघ्यांना शिव्या घालायच्या, पुन्हा उचलायची. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दार उघडून विचारलं की मी काय नेते आहे. मी म्हटलं, मदरसाठी. त्यांनी दार लावून घेतलं.

फोडून डब्यांत भरून पेटीत ठेवला. सहाला काच गार होती. ती पोट पुढे काढून बसली होती. मला वाटलं, जिंकले.

१ मे

वीज नाही. कारखान्यातही बर्फ नाही, तिथेही वीज नाही.

मग मी माझ्या अकलेने जे सुचलं ते केलं. आत होता तेवढा गारवा निसटू नये म्हणून झाकण घट्ट दाबलं, फटींत ओली पट्टी बसवली, वरून चादर, तिच्यावर रजई. चार वाजता उघडून पाहिलं. काचेवर आतून पाणी ओघळत होतं. हात घातला तर वाफ. मदर उकडलेल्या पाल्यासारखी एका बाजूला पडली होती. घटाची कॉलर हाताला लागताच सुटून आली.

रोपवाला फोनवर म्हणाला, झाकण काढून ओल्या फडक्याशेजारी उघड्यावर ठेवली असतीत तर कदाचित तगली असती. बंद पेटी तापत जाते. हे मला त्याने सांगायला हवं होतं? आयुष्यभर मी दुसरं केलंय काय? अवजारं डब्यात भरायची, झाकण आवळायचं, आत वाफ कोंडायची, आणि आतलं काही जिवंत राहता कामा नये. मी तेच केलं, आणि छान केलं.

रडू आलं. झाडासाठी रडणाऱ्या बायकांना मी नेहमी हसत आले.

२ मे

वीज आली. मेलेली पानं कापून कागदात गुंडाळली. पेटी धुतली. आत नुसती कुंडी आणि शेवाळ आहे.

आता मला इथे अडकवून ठेवणारं काही उरलेलं नाही. सहाजणींना रोपवाला नेईल. उद्या भावाला कळवते की आठलाच येते, दहाची वाट बघू नको.

३ मे

कळवलं नाही. डोकं दुखत होतं.

४ मे

आजही नाही. सहाला पेटीत बाटल्या ठेवल्या. हाताला सवय झाली आहे. शिवाय शेवाळ जिवंत असतं.

६ मे

माझ्या हाताखाली तयार झालेली एक परिचारिका आता घरोघरी रुग्णसेवेला जाते. तिला फोन केला. मोठ्या अंगाची, कामाला वाघ, गुडघ्याचे पंचवीस तरी रुग्ण तिने चालवले असतील. मी सहज चौकशी केली की १२ तारखेपासून तिला सवड आहे का. सहजच. आहे म्हणाली.

८ मे

भाऊ आला. मी न बोलावता, न कळवता, दुपारी चार वाजता, गाडी खाली उभी करून. एकोणीस वर्षांपूर्वी आला होता तसाच. खुर्चीत बसला आणि म्हणाला, “भर सामान. ऊन उतरलं की निघू.”

मी पाणी दिलं, चहा दिला. तो थकलेला दिसत होता. सदऱ्याचं एक बटण नव्हतं आणि मला ते पहिल्यांदा दिसलं, त्याचा चेहरा नंतर. गॅलरीत जाऊन त्याने घट पाहिले. आता नऊ झाले आहेत. म्हणाला, या बाटल्यांसाठी इथे बसून राहिलीस होय. लेकीच्या नादी लागून आपल्या माणसांना विसरलीस. भावजय रोज विचारते म्हणाला, वन्सं कधी येणार. रात्री पाय दुखतो, रडते.

मी ऐकत होते. पिशवी कपाटावर होती. उठायचं आणि हात वर करायचा, एवढंच काम होतं. मी उठलेसुद्धा. आणि मला स्वतःचाच आवाज ऐकू आला, की मला यायचं आहे रे, पण पेटीतलीला सोडून कशी येऊ, ती मरेल.

तो म्हणाला, कुठली पेटीतली, दाखव. झोपायच्या खोलीत गेलो. पेटीवर ओला टॉवेल होता. त्याने झाकणाला हात घातला.

“उघडू नकोस,” मी म्हटलं. “गारवा जातो.”

आणि त्याने हात काढून घेतला. माझा भाऊ, जो जेवताना ताट सरकवून ठेवतो की कुणीतरी उचलेल, तो एका झाडासाठी हात मागे घेऊन उभा राहिला. टॉवेलाखाली रिकामी कुंडी होती. 

मग मी परिचारिकेचं सांगितलं. तिचं सगळं ठरवून ठेवलंय, बाराला सकाळी आठ वाजता ती दारात उभी राहील, माझ्यापेक्षा तरुण आहे, माझ्यापेक्षा जोर आहे. तो भडकला. “घरचं माणूस असताना बाहेरची बाई कशाला?”

“घरचं माणूस आपल्या घरी आहे,” मी म्हटलं.

का म्हटलं माहीत नाही. घर माझं नाही, लेकीने भाड्याने घेतलेलं आहे. पण तोंडातून गेलं ते गेलं. त्याने गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाला, “एवढी वर्षं आम्ही केलं त्याचं हे?”  त्याने केलं होतं. मीही केलं होतं. त्यात कुणाचं किती, हे मी कधी बघितलंच नाही. भांडण होईल म्हणून नाही. कदाचित दिसेल म्हणून.

निघताना मी म्हटलं, थांब, बटण लावून देते. तो थांबला नाही.

९ मे

खोटं बोलले. उभ्या आयुष्यात रुग्णाशी बोलले असेन, डॉक्टरांशी बोलले असेन, रक्ताच्या नात्याशी नाही. मदर सुपीरियर म्हणायच्या, खोटं बोलणाऱ्या मुलीचा पाठीचा कणा वाकतो. आरशात बघितलं. कणा आधीच वाकलेला आहे, तेव्हा नेमकं सांगता येत नाही.

आजारी बाईला सोडून मी एका रिकाम्या कुंडीला धरून बसले आहे. हे लिहून ठेवते, कारण कुणाला सांगता येत नाही.

१० मे

लेकीचा फोन. मदर कशी आहे विचारलं. मी म्हटलं, ठीक. नवीन घट? एक धरतोय म्हटलं. एकदा सुरुवात झाली की खोटं सोपं जातं, सुई टोचण्यासारखं. ती म्हणाली, “म्हणजे तुला आता एवढ्यात निघता येणार नाही.” तिच्या आवाजात चक्क आनंद होता. मामीची शस्त्रक्रिया परवावर आली आहे आणि हिला झाडाचं कौतुक. तिचंही काम म्हणे जुलैपर्यंत लांबेल. मी बोलले काहीबाही, पण नेहमीसारखं रंगलं नाही.

१३ मे

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. परिचारिकेने कळवलं. भाऊ तिच्याशी बोलत नाही, पण तिने केलेलं जेवतो.

२० मे

दुपारी फोन वाजला. नंबर भावाच्या घरचा. मी मनात उत्तरं जुळवून उचलला, तर भावजय. स्वतःहून तिने मला तीस वर्षांत फोन केलेला नाही. आवाज अगदी खाली. भाऊ बाहेर गेला होता. मी गुडघ्याची चौकशी केली, तिने अर्ध्यात तोडली.

“बाई चांगली आहे, वन्सं. शिस्तीची आहे. तुम्ही येऊ नका.”

मी म्हटलं, म्हणजे काय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एकोणीस वर्षं ज्या घरात राबले त्या घराचं दार ही मला फोनवरून लावते आहे.

“म्हणजे येऊच नका,” ती म्हणाली. “आलात की पुन्हा निघता यायचं नाही. उद्या संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर फोन करीन. मला करायला लावणार आहेत. मी रडेन, या म्हणेन. तेव्हा हो म्हणू नका.”

आणि फोन ठेवला.  रागवायचं होतं, पण राग कुठे ठेवावा ते कळेना.

२१ मे

सातला फोन आला. भाऊ शेजारी असणार, श्वास ऐकू येत होता. भावजय रडली. पाय हलत नाही म्हणाली, त्या बाईच्या हातचं पाणी घशाखाली उतरत नाही म्हणाली, वन्सं, तुमच्याशिवाय मला कोण आहे, या ना हो, म्हणाली. इतकं खरं वाटत होतं की माझी जीभ हो म्हणायला उचललीसुद्धा होती.

मी म्हटलं, “नाही जमणार.”

 मग फोनपासून तोंड फिरवून तिने भावाला सांगितलं, “बघा, मी म्हटलं नव्हतं? दगड आहेत तुमच्या बहीणबाई.” फोन बंद झाला.

दगड म्हणाली. तिचं बोलणं मला न लागण्याची ही पहिलीच वेळ. इतकं सफाईदार खोटं ती कुठे शिकली असेल, याचा बराच वेळ विचार करत बसले. कॉन्व्हेंटमध्ये ती गेलेली नाही, नोकरी केलेली नाही, त्या घराबाहेर तिला फारसं कुणी पाहिलेलंही नाही. मग लक्षात आलं की त्या घरात ती माझ्यापेक्षा अकरा वर्षं जास्त राहिली आहे.